बंद घाण्याचा दिवस

कोंकणांतील जुन्या गांवांत दिवस उजाडल्याच्या खुणा ठरलेल्या असत. कोंबडा आरवे, विहिरीवरचा रहाट फिरूं लागे आणि तेल्याच्या आळींत घाण्याची लाट करकरूं लागे. हा आवाज एकदां सुरू झाला कीं तिन्हीसांजेपर्यंत थांबत नसे. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल उखळाभोंवतीं फिरत राही, तीळ किंवा खोबरें भरडलें जाई, तेल पाझरून भांड्यांत उतरे आणि पेंड बाजूला पडे. परंतु पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या टापूंत कांहीं घरें अशीं होतीं कीं, आठवड्यांतून एक दिवस तेथून हा आवाज मुळींच ऐकूं येत नसे. शुक्रवारीं सूर्य मावळण्यापूर्वीं बैल सोडला जाई. शनिवारचा सगळा दिवस संपून आकाशांत चांदण्या दिसेपर्यंत त्या घरांतील कोणीहि घाण्याला हात लावीत नसे. या लोकांना शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत.

शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोंकणांतील मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आख्यायिका अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत चौलच्या आसपास समुद्रांत फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीं माणसें वांचून अलिबागजवळच्या नवगांवच्या किनाऱ्याला लागलीं. आणि बुडालेल्यांचीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं. ही घटना कोणत्या शतकांतील, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. हाईम शमुएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला आणि तो १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला. त्यांत त्यांनीं हा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाइतका मागें नेला आहे. तें कसेंहि असो. हे लोक कोंकणांत राहिले, त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला आणि गांवांच्या नांवांवरून केहिमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर अशीं आडनांवें घेतलीं. भाषा आणि पेहराव या बाबतींत ते पूर्णपणें कोंकणी झाले. त्याच गांवांत दुसरे तेलीहि होते. ते शंकराच्या वाराला मान देऊन सोमवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना सोमवार तेली म्हणत. एका धंद्यांतील दोन शेजाऱ्यांची ओळख गांवानें त्यांच्या कामावरून ठरविली नाहीं, कोणत्या दिवशीं ते काम थांबवितात यावरून ठरविली.

शनिवारचा हा नियम मोशेच्या दहा आज्ञांपैकीं चौथा. सहा दिवस काम करावें आणि सातवा दिवस ईश्वराचा म्हणून मोकळा ठेवावा, असा त्याचा आशय आहे. या दिवसाला शब्बाथ म्हणतात. यहुद्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो, म्हणून शब्बाथ शुक्रवारच्या संध्याकाळीं सुरू होतो आणि शनिवारीं रात्र पडल्यावर संपतो. या मुदतींत विस्तव पेटवावयाचा नाहीं, व्यापार करावयाचा नाहीं, ओझें वाहावयाचें नाहीं. स्वयंपाक आदल्या दिवशींच करून ठेवावयाचा. विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ही आज्ञा फक्त घरधन्यापुरती नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, दारांत आलेला परका मनुष्य आणि बैल या सर्वांना तिनें विश्रांति सांगितली आहे. घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या डोळ्यांवरील झापड त्या दिवशीं निघे, ती आज्ञेच्या अक्षराला धरूनच.

या नियमाचें महत्त्व कळण्यासाठीं, या लोकांजवळ दुसरें काय उरलें होतें तें पाहिलें पाहिजे. कित्येक शतकें त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हतें आणि पुरोहितहि नव्हता. हिब्रू भाषा ते विसरले. ईश्वर एकच आहे असें सांगणाऱ्या 'शमा' नांवाच्या प्रार्थनेचे थोडे शब्द मुखोद्गत राहिले होते, आणि जन्म असो, लग्न असो, मृत्यु असो, प्रत्येक प्रसंगीं तेच शब्द म्हटले जात. सणांचीं मूळ नांवें लोपून त्यांच्या जागीं नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशीं मराठी नांवें आलीं. प्रायश्चित्ताच्या महाउपवासाला ते दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशीं घराचें दार लावून, अन्नपाणी वर्ज्य करून, बाहेरच्या जगाशीं संबंध न ठेवतां ते आंत बसून राहत. मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, शमा आणि शनिवार एवढीच त्यांची धार्मिक शिदोरी होती.

ती पुरेशी ठरली. दाविद रहाबी नांवाचा एक परदेशी यहुदी कोंकणांत आला, अशी परंपरागत कथा आहे. शनिवार पाळणारे हे तेली आपले बांधव असावेत असा त्याला संशय आला. परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें त्यांच्या बायकांना निरनिराळे मासे एकत्र करून रांधावयास दिले. त्यांनीं पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आपण खात नाहीं असें सांगितलें. मोशेच्या शास्त्रांतील नियम नेमका हाच आहे. तेव्हां रहाबीची खात्री पटली आणि त्यानें तिघा जणांना निवडून धर्मशिक्षण दिलें. या कथेच्या काळाविषयींहि मतभेद आहेत. परंतु तिच्यांतील क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. शिक्षक नंतर आला. त्याला येथें शिकविण्यासारखे लोक सांपडले, ते त्यांनीं एक दिवस राखून ठेवला होता म्हणून.

एक दिवस घाणा बंद ठेवणें ही गोष्ट दुरून लहान वाटते. धंद्याच्या हिशेबांत ती लहान नाहीं. आठवड्याचा एक दिवस म्हणजे वर्षाचे बावन्न दिवस. त्या दिवशीं कमाई नाहीं, परंतु घरच्या माणसांना आणि बैलाला खावयास तर लागतेंच. गिऱ्हाईक कोणाच्या धर्मासाठीं थांबत नाहीं. ज्याचें तेल शनिवारीं संपलें तो दुसऱ्या आळींत जातो, आणि एकदां तिकडे गेलेलें गिऱ्हाईक परत येईलच असें नाहीं. अशा स्थितींत मनुष्याचें मन तडजोड सुचवूं लागतें. आज अर्धा दिवस घाणा चालवावा आणि पुढच्या आठवड्यांत भरून काढावें. आपण स्वतः हात लावूं नये, पण गड्यानें चालविला तर काय बिघडलें? यंदा दिवस वाईट आहेत, पीक बरें आल्यावर पुन्हा नियम धरावा. यांतील एकहि विचार दुष्टपणाचा नाहीं. सगळे विचार कुटुंबवत्सल आणि व्यवहारी मनुष्याचे आहेत, आणि म्हणूनच ते घातक आहेत. शनिवार मोडणाऱ्याला शिक्षा करील असा धर्माधिकारी कोंकणांतील त्या खेड्यांत नव्हता. शेजाऱ्यांना तर त्यानें घाणा चालविलेला सोयीचाच झाला असता. नियम मोडण्याची किंमत शून्य आणि पाळण्याची किंमत दर आठवड्याला रोख, अशा परिस्थितींत तो पाळला गेला.

एकोणिसाव्या शतकांत या समाजाला पुन्हा ग्रंथ मिळाला. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं त्यांना प्रार्थना शिकविल्या; डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें. आणि किनाऱ्यावरच्या गांवांत एकामागून एक प्रार्थनामंदिरें उभीं राहिलीं. १८४२ सालीं रेवदंडा, १८४८ सालीं अलिबाग, १८४९ सालीं पनवेल आणि १८६३ सालीं पेण, असा त्यांचा अनुक्रम आहे. पनवेल हें त्या काळीं खाडीवरचें गजबजलेलें बंदर होतें. मुंबईहून पडावांतून आलेली माणसें आणि माल येथें उतरून बैलगाडीनें बोरघाटाकडे निघत. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाल्यावर ही रहदारी वाढली. व्यापाऱ्याला जेथें सगळे वार सारखे, अशा ठिकाणीं शनिवार पाळणाऱ्यांनीं आपलें मंदिर बांधलें आणि त्याला बेथ एल असें नांव दिलें. बेथ एल म्हणजे देवाचें घर.

या नांवामागें एक जुनी कथा आहे, आणि ती तडजोडीचीच कथा आहे. इसहाकाचा धाकटा मुलगा याकोब यानें थोरल्या भावाचीं वस्त्रें घालून आंधळ्या बापाला फसविलें आणि थोरल्याला मिळावयाचा आशीर्वाद स्वतः घेतला. भाऊ जिवावर उठला तेव्हां तो घर सोडून पळाला. वाटेंत रात्र झाली म्हणून उशाशीं दगड घेऊन तो उघड्या माळावर निजला. स्वप्नांत त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे उतरणारे देवदूत दिसले. जागा झाल्यावर त्यानें त्या जागेला बेथेल म्हणजे देवाचें घर असें नांव दिलें आणि नवस केला: देवानें सांभाळलें, खावयास अन्न आणि नेसावयास वस्त्र दिलें आणि सुखरूप परत आणलें, तर तोच आपला देव, आणि मिळकतीचा दहावा हिस्सा त्याचा. नवसांतील ही 'तर' सौदा करणाऱ्याची आहे. परंतु तिच्यांत एक वचनहि आहे.

पुढें वीस वर्षें याकोब मामाच्या घरीं राहिला, कुटुंब वाढलें, मेंढरांचे कळप झाले. तो स्वदेशीं परत आला, भावानें त्याला क्षमा केली. म्हणजे नवसाच्या सर्व अटी पुऱ्या झाल्या. आतां बेथेलला जावयाचें. पण तो बेथेलला गेला नाहीं. शखेम नगराजवळ त्यानें जमीन विकत घेतली आणि तेथेंच तळ दिला. शखेमला राहण्यांत उघड पाप कांहींच नव्हतें. देवाची वेदीहि त्यानें तेथें बांधली होती. फक्त दिलेलें वचन लांबणीवर पडलें होतें, आणि घरांतल्या पेट्यांत परक्या देवांच्या मूर्ति तशाच राहिल्या होत्या. त्याच नगरांत पुढें त्याच्या मुलीची अब्रू गेली आणि मुलांच्या हातून विश्वासघातानें रक्तपात झाला. तेव्हां त्याला बेथेलला जाण्याची आज्ञा झाली. त्यानें घरांतील सर्वांना सांगितलें कीं, जवळचे परके देव काढून टाका, स्वच्छ व्हा, वस्त्रें बदला. लोकांनीं मूर्ति आणि कानांतलीं कुंडलेंहि आणून दिलीं, आणि याकोबानें तीं शखेमजवळच्या एका झाडाखालीं पुरून टाकलीं. कुंडलें विकून पैसे करतां आले असते. शखेमच्या बाजारांत त्यांना मोल आलें असतें. परंतु जें सोडावयाचें त्याचा पुन्हा नफा करावयाचा नाहीं, असें त्यानें ठरविलेलें दिसतें.

बेथेलची ही वाट म्हणजे प्रपंचत्याग नव्हे. याकोब बायकामुलें आणि कळप घेऊनच तेथें गेला. महाराष्ट्रांतील वाचकाला ही गोष्ट परकी वाटूं नये. देहूचे तुकोबा वाण्याच्या घरांत जन्मले. लोकांकडे येणें असलेल्या पैशांच्या खतांपैकीं निम्मीं त्यांनीं भावाला दिलीं आणि स्वतःच्या वाट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. संसार त्यांनीं टाकला नाहीं. दुसऱ्याच्या देण्यावर आपला हक्क चालविणें तेवढें टाकलें. अरणचे सांवता माळी मळा सोडून कोठें गेले नाहींत. याच्या उलट, सर्वस्व सोडणारेहि या भूमींत झाले. पनवेलपासून फार दूर नसलेल्या पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं १८९५ सालीं जन्मलेले विनोबा भावे १९१६ सालीं परीक्षेसाठीं मुंबईला निघाले, आणि वाटेंत सुरतेला उतरून काशीला गेले. पुन्हा त्या परीक्षेकडे वळले नाहींत. अशी झेप थोड्यांनाच साधते. शनवार तेल्याची वाट मध्यम प्रकृतीच्या मनुष्याला जमण्यासारखी आहे. सहा दिवस तो पूर्णपणें प्रपंचाचा असतो, भाव करतो, उधारी वसूल करतो. सातव्या दिवशीं मात्र प्रपंचाची एकहि सबब ऐकून घेत नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. कसलीहि तडजोड करावयाची नाहीं असें म्हटलें तर मनुष्य हट्टी आणि निर्दय होणार नाहीं काय? हा प्रश्न यहुद्यांच्या इतिहासांतच फार पूर्वीं निकराला आला. ख्रिस्तपूर्व १६७ च्या सुमारास सीरियाचा राजा अंतियोख यानें यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हां कित्येक धर्मनिष्ठ लोक रानांत जाऊन राहिले. राजाच्या फौजेनें त्यांना शब्बाथाच्या दिवशीं गांठलें. त्या दिवशीं शस्त्र उचलावयाचें नाहीं म्हणून त्यांनीं प्रतिकार केला नाहीं, आणि बायकामुलांसह ते मारले गेले. ही बातमी ऐकून मत्तथ्या आणि त्याचे साथी यांनीं शोक केला आणि ठरविलें कीं, यापुढें शब्बाथाच्या दिवशीं हल्ला झाला तर लढावयाचें. पुढें धर्मशास्त्र्यांनीं हा विचार नियमांत बसविला. जीव वांचविण्यासाठीं शब्बाथ मोडणें हें पाप नव्हे, कर्तव्य होय, असें ते सांगतात. आजाऱ्यासाठीं विस्तव पेटवावा, बुडत्याला काढावें, अडलेल्या बाळंतिणीसाठीं धांवावें. या नियमानें तडजोडीची कसोटीच हातीं दिली आहे. दुसऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं नियम वांकला तर त्याचा हेतु साधतो. स्वतःची कमाई, सोय किंवा मान वांचविण्यासाठीं तो वांकला तर त्याचा हेतु बुडतो. अडलेल्या बाळंतिणीसाठीं शनिवारीं धांवणारा तेली आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून शनिवारीं घाणा जुंपणारा तेली यांनीं एकच नियम मोडला असें वरवर दिसतें. वस्तुतः पहिल्यानें तो पाळला आहे.

त्याचप्रमाणें शेजाऱ्यांच्या चालीरीति घेणें म्हणजे तडजोड असेंहि नाहीं. बेने इस्राएलांच्या लग्नांत नवरीला मेंदी लागते. इष्टकार्य सिद्धीस गेलें कीं एलियाहू नबीच्या नांवानें मलिदा होतो. त्यांत गूळ, खोबरें घातलेले पोहे आणि फळें तबकांत मांडून प्रार्थना करतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं मराठी कीर्तनाचा थाट घेऊन त्यांत अब्राहाम आणि मोशे यांचीं आख्यानें लाविलीं. मेंदी, पोहे आणि कीर्तन घेऊन त्यांचें कांहीं गेलें नाहीं, कारण यांतील कोणतीहि गोष्ट देवाच्या वाट्याचें कांहीं मागत नव्हती. कोठें मोकळ्या हातानें घ्यावें आणि कोठें बोटभरहि हलूं नये, हा विवेक त्या निरक्षर तेल्यांनीं दाखविला.

खरी अडचण पुढें आली, आणि ती छळांतून आली नाहीं, भरभराटींतून आली. अठराव्या शतकापासून हे लोक कोंकणांतून मुंबईस जाऊं लागले. कंपनीच्या फौजेंत त्यांनीं नांव मिळविलें. फौजेंतीलच अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या लढाईंत टिपूच्या कैदेंत सांपडले होते; तेथून सुटल्यावर त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढें कचेऱ्या, आगगाडी, गिरण्या, इस्पितळें यांत या लोकांना नोकऱ्या लागल्या. तेल्याचा मुलगा कारकून झाला, ओव्हरसियर झाला, डॉक्टर झाला. घाणा स्वतःचा होता, तो बंद ठेवणें धन्याच्या हातीं होतें. कचेरी दुसऱ्याची, आणि ती शनिवारीं उघडी. गिरणीकामगारांना आठवड्याची सुटीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें १८९० सालीं ती मिळाली, पण ती रविवारची. ज्या विश्रांतीसाठीं मुंबईच्या कामगाराला झगडावें लागलें, ती शनवार तेल्याच्या बैलाला कित्येक पिढ्या न मागतां मिळत होती. आणि आतां कामगारांना सुटी मिळाली, तेव्हां तेल्याच्या नातवाला मात्र आपल्या वाराला कामावर हजेरी लावावी लागत होती.

या पेचांत निरनिराळ्या घरांनीं निरनिराळे मार्ग काढले. शुक्रवारच्या संध्याकाळीं दिवा लावणें आणि प्रार्थना करणें पुष्कळांनीं चालू ठेवलें, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं डबा घेऊन कामावरहि गेले. खेड्यांत जितक्या कडकपणें शनिवार पाळला जाई तितका शहरांत पाळला गेला नाहीं, हें त्या समाजांतील जाणत्यांनींहि कबूल केलें आहे. त्यांना दोष देणें सोपें आहे. पण नोकरी गेली तर मुलांची शाळा सुटते हें डोळ्यांसमोर असतांना निर्णय करणाऱ्याला जें ओझें वाटतें तें दुरून पाहणाऱ्याला वाटत नाहीं. तरीहि एक भेद उरतोच. नाइलाजानें शनिवारीं कामावर जाणारा आणि त्याबद्दल मनांत खंत बाळगणारा मनुष्य बेथेलच्या वाटेवरून दूर गेला असला तरी ती वाट विसरलेला नसतो. शनिवारीं जाण्यांत आतां कांहींच वावगें नाहीं, काळच बदलला, असें जो स्वतःला पटवून देतो, त्यानें शखेमला जमीन घेतली. तडजोड केल्यानें मनुष्य एक पाऊल मागें येतो. तिला शहाणपण असें नांव दिलें कीं परतण्याचा रस्ता बंद होतो.

पुढील इतिहासानें या गोष्टीला अनपेक्षित वळण दिलें. हिंदुस्थान स्वतंत्र झाला त्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या सुमारें २०,००० होती. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढच्या दोनतीन दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. जातांना कोणी त्यांना हांकलून दिलें नव्हतें. त्या देशांत आठवड्याची सुटी शनिवारचीच. म्हणजे पूर्वजांना जी गोष्ट सोसून करावी लागली ती येथें आपोआप होत होती. पण तेथें दुसराच पेंच उभा राहिला. १९६२ सालीं तेथील वरिष्ठ रब्बींनीं असा हुकूम काढला कीं, बेने इस्राएलांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. इतकीं शतकें ग्रंथ आणि गुरु यांवांचून राहिलेले हे लोक खरे यहुदी कशावरून, अशी शंका त्याच्या मागें होती. बेने इस्राएलांनीं निदर्शनें केलीं, उपोषणें केलीं. अखेर १९६४ सालीं इस्राएलच्या लोकसभेनें ते सर्व दृष्टींनीं यहुदीच आहेत असें जाहीर केलें आणि रब्बींना आपला हुकूम बदलावा लागला.

खरें यहुदीपण कशावरून, या प्रश्नाला कागदोपत्रीं उत्तर देणें त्यांना अवघड होतें. वंशावळी समुद्रांत बुडाल्या होत्या. परंतु कोंकणांतील अन्यधर्मीय शेजाऱ्यांनीं, ज्यांना यहुदी म्हणजे काय हेंहि ठाऊक नव्हतें, त्यांनीं या लोकांना एक नांव देऊन ठेवलें होतें, आणि त्या नांवांतच चौथी आज्ञा होती. शनवार तेली हें नांव कोणा पंडितानें दिलें नाहीं. दर शनिवारीं तेलाचें भांडें घेऊन आलेलें आणि बंद घाणा पाहून परत गेलेलें गिऱ्हाईक, यानें तें दिलें. जो दिवस पाळतांना धंद्याचा तोटा झाला, त्याच दिवसानें त्या समाजाची ओळख राखली. त्यांनीं अर्धा दिवस घाणा चालविण्याची तडजोड एकदां केली असती, तर पोट थोडें अधिक भरलें असतें, आणि दोनचार पिढ्यांत ते फक्त तेली राहिले असते.

पनवेल आतां फार बदललें आहे. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका झाली. आगगाड्या, बसगाड्या आणि पुण्याकडे जाणाऱ्या मोटारी यांच्या गर्दींत शुक्रवार केव्हां संपला आणि शनिवार केव्हां लागला हें कळतहि नाहीं. बैलाचे घाणे गेले. बेने इस्राएलांचीं घरें थोडीं उरलीं. १८४९ सालच्या त्या मंदिराचें नांव मात्र अद्याप तेंच आहे. तें नांव वाचणाऱ्याला, तो कोणत्याहि धर्माचा असो, स्वतःच्या घराकडे पाहण्याची एक दृष्टि मिळते. संसारांत शंभर ठिकाणीं वांकावें लागतें, आणि त्यांतील नव्व्याण्णव ठिकाणीं वांकणें योग्यहि असतें. पण देवाला दिलेली म्हणून एखादी वेळ, एखादें वचन, कमाईंतील एखादा हिस्सा असा असावा कीं, तेथें प्रपंचाच्या बैलाला जूं लागणार नाहीं. तो कोणता, हें ज्याचें त्यानें ठरवावें. ठरविल्यावर, पहिल्या अडचणीच्या शनिवारीं घाण्याकडे हात जाऊं लागेल, तेव्हां तो हात मागें घ्यावा, आणि बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून त्याला चरावयास सोडावें.